त्रिशूळवाल्या बाईचा भाव

माझ्या माहेरच्या देव्हाऱ्यात चांदीच्या पाच देव्या होत्या. गोल नाण्यावर उभ्या, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात ढाल. दर नवरात्रात आई त्यांना चिंच आणि राख लावून लख्ख घासायची, हळदकुंकू वाहायची. लग्नानंतर मी विट्याकडं सासरी आले, नवऱ्याबरोबर तमिळनाडूत गलाईच्या दुकानात बसले, तेव्हा कळलं की त्या देव्या नव्हेतच. ती इंग्रजांची बाई, आपल्या भारतमातेसारखी. चीन-सिंगापूरकडच्या व्यापारासाठी आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला चांदीचा डॉलर. आजोबांनी तो फौजेतून येताना आणलेला. मी आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आसंल. हातात त्रिशूळ हाय न्हवं? मग झालं."

गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आमच्या खानापूर-खटावची माणसं त्यासाठी देशभर पांगलीत. नवरा भट्टी सांभाळायचा, मी पुढं काट्यावर. विट्याला परत येईपर्यंत बावीस वर्षं लोकांची पैंजणं, करंडे, नाणी हातात घेऊन खरं-खोटं सांगितलं. गिऱ्हाईक माझं ऐकून घ्यायचं आणि मग विचारायचं, मालक कुठं आहेत? मालक भट्टीमागून सांगायचे, "ती बोलली तेच खरं." माझ्या नवऱ्याचे हजार दोष सांगेन, पण हे त्याचं मी कधी विसरणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. वर्षश्राद्ध व्हायच्या आत धाकट्या भावाचा फोन. "ताई, देव्हाऱ्यातली पाचीबी नाणी तू घे. दीड-दीड लाखाला एक जातंय, मोबाइलवर बघितलंय मी. आन् वडूजला येऊन हक्कसोडीवर तेवढी सही कर."

आमची जमीन अडीच एकर. वडील आधीच गेलेले, त्यामुळं वारस आम्ही दोघंच. तिथं नुसती कुसळं उगवत होती तोवर उताऱ्यावरचं माझं नाव कुणाला खुपलं नाही. कॅनॉलचं पाणी आलं आणि लगेच खुपलं.

वडूजला कचेरीसमोर एका दस्त लिहिणाऱ्याच्या टपरीत कागद तयार होता. अंगठ्याची शाईसुद्धा उघडून ठेवलेली, जशी काय मी अडाणीच. भावानं रुमाल सोडून नाणी मांडली. मी पर्समधून छोटा काटा काढला.

"आईच्या वस्तूला काटा लावतीस?" भाऊ म्हणाला.

"तुला सही मागताना लाज वाटली न्हाई, मग मला काट्याची का वाटावी?"

एकेक नाणं ठेवलं. सत्तावीस ग्रॅमच्या जरा आत, झिजलं तेवढंच कमी. मग बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच वाजवलं. ओतीव खोटं नाणं थप्प करून गप्प बसतं. ही पाचही लांबवर वाजली. काठावरचे बारीक दाते नखानं चाचपले, कुठं सांधा नाही. मी म्हणाले, "पाचीबी खरी हायत."

भावाचा चेहरा खुलला. त्यानं कागद पुढं सरकवला.

"थांब. खरं हाय म्हंजी महाग हाय, असं न्हाई."

मग त्याला दाखवलं. हौशी गिऱ्हाईक पैसे मोजतं ते साल बघून, बाईचा चेहरा बघून, त्रिशुळावरची टांकसाळीची बारीकशी खूण बघून. इथं बाईचं नाक गेलेलं, ढाल सपाट, खूण तर केव्हाच पुसलेली. घासलेल्या नाण्याला चांदीचा भाव मिळाला तरी गंगेत घोडं न्हालं. मोबाइलवालं नाणं दुर्मिळ सालाचं आणि कुणी हात न लावलेलं. या पाचांत मिळून कॅनॉलखालचा एक गुंठासुद्धा येत नव्हता, आणि भाऊ मला त्यावर सव्वा एकर सोडायला सांगत होता.

"म्हंजी आईनंच घासून वाटोळं केलं म्हण की," भाऊ पुटपुटला.

माझं टाळकं फिरलं. "आईनं पूजा केली. तिला विकायची नव्हती. विकायला तू काढलीयस."

मग त्यानं ठेवणीतलं काढलं. "समद्या भणी सोडत्यात. आईनं न्हाई का मामाला सोडलं?"

"सोडलं. एका लुगड्यावर. आन् तिच्या मातीला मामा आला न्हाई, एसटी चुकली म्हणून."

दस्त लिहिणारा पेनाचं टोपण लावत समजुतीनं म्हणाला, "ताई, माहेर तुटंल बरं का."

"एका सहीवर टिकत असंल तर तुटू द्या," मी म्हणाले. नाणी रुमालात बांधून भावाच्याच हातात दिली. देव्हारा त्याच्या घरात आहे, आईच्या देव्या तिथंच बऱ्या. कागद तसाच राहिला.

पुढं मोजणीसाठी चार खेटे घातले. प्रत्येक खेट्याला कुणी ना कुणी शहाणपण शिकवलं, बहिणीनं असं करू नये म्हणून. भावानं काय करू नये, ते मात्र एकानंही सांगितलं नाही. अखेर वाटणी होऊन हद्दीचे दगड रोवले गेले.

यंदा भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार करून दिवेलागणीपर्यंत वाट बघितली. तो आला नाही. लय रडले, खोटं कशाला सांगू? कडेवर खेळवलाय मी त्याला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं माहेरी गेले आणि माझ्या तुकड्यात हरभरा पेरून घेतला. तो बांधावर येऊन उभा राहिला. मीच विचारलं, "कॅनॉलचं पाणी कवा हाय?"

"मंगळवारी. बघू, माझं भिजवून झालं की..."

"बघू न्हाई," मी म्हणाले. "निम्मा दिवस तुझा, निम्मा माझा."

मंगळवारी दुपारी मी गेले, तेव्हा पाट माझ्या बाजूला वळवलेला होता.