चार मिनिटांचं कॅरेट

“म्हणजे नाहीच म्हणता, मॅडम?” विनोदभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“मी नाही म्हणत, हे म्हणतंय.” मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

स्क्रीनवर त्यांचंच वरूडचं संत्र्याचं पॅकिंग सेंटर होतं. धुण्याची टाकी, फळांना मेण लावायचं वॅक्सिंगचं मशीन, लांब पट्टा, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना चाळीस बाहुल्या. नारिंगी ठिपके धावत यायचे आणि बाहुल्यांपाशी तुंबायचे. कोपऱ्यातलं घड्याळ सांगत होतं की तिसरा ट्रक रात्री साडेनऊला भरेल.

पाहिजे होता पाचच्या आत. अंबिया बहाराचा हिवाळी माल आटोपला की हे सेंटर बंद पडतं. यंदा दक्षिणेतल्या एका व्यापाऱ्याला मृग बहाराचा मालही इथूनच हवा होता. फेब्रुवारी आणि मार्च, रोज तीन ट्रक, पाचच्या आत गेटबाहेर, नाहीतर पुढच्या मंडीची वेळ चुकते. सध्या दोनच निघत होते. शनिवारी सकाळी विनोदभाऊंना त्याला हो की नाही ते कळवायचं होतं, आणि आज गुरुवार होता.

दारात शमीमखाला उभ्या होत्या. पट्ट्यावरच्या चाळीस बायांच्या त्या मुकादम. वय साठीकडे झुकलेलं, आवाज मशीनच्या वर जाणारा.

“मंग आमी संक्रांतीनंतर घरी?” त्यांनी विचारलं.

विनोदभाऊंनी मान डोलावली.

“माया सुनेले पुन्हा इटाच्या भट्ट्यावर जा लागते मंग. लहान लेकरू घेऊन.” एवढं बोलून त्या पट्ट्याकडे परत गेल्या. मला फार वाईट वाटलं. पण मॉडेल म्हणजे मॉडेल, असं स्वतःला बजावून मी अमरावतीची एस.टी. पकडली.

माझं काम काय ते सांगते. मी मूळची अकोल्याची. पुण्यात आठ वर्षं गाड्यांच्या कारखान्यांसाठी सिम्युलेशन केलं, आता अमरावतीत स्वतःचं ऑफिस आहे. सिम्युलेशन म्हणजे कारखान्याची कॉम्प्युटरमधली प्रत, म्हणजे मॉडेल, चालवून बघणं. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं, आत भरायचं, आणि बटण दाबायचं. महिन्याभराचं काम दोन मिनिटांत डोळ्यांसमोर होतं. कुठे तुंबतंय ते कळतं. तुंबायच्या जागेला आम्ही बॉटलनेक म्हणतो. पंगतीत जिलेबी वाढणारा एकच असला की अख्खी पंगत त्याच्या तोंडाकडे बघत बसते, तसं.

वेळ मोजायला मी तीन दिवस पट्ट्याशेजारी स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसले होते. माझी बडदास्त विचारू नका. खुर्ची आली, खुर्चीवर गोधडी आली, सोललेलं संत्रं तर दर अर्ध्या तासाला. फळांचं एक प्लास्टिकचं कॅरेट भरायला बायांना चार मिनिटं लागत होती. बाई बदलली तरी चारच. इतका सुरेख डेटा मला पुण्यातही मिळाला नव्हता. मी खूष होते!

आता माझी चूक. मॉडेल झालं की आधी त्याची परीक्षा घ्यायची असते. त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. झालेला आठवडा मॉडेलमध्ये चालवायचा आणि खरं घडलं तेच येतं का ते बघायचं. शनिवारची घाई होती, डेटा गोजिरवाणा होता, म्हणून मी आधी निकाल दिला आणि परीक्षा घरी येऊन घेतली. पुण्यात माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

गेटवरच्या नामदेव काकाजींनी मी मोजायला बसण्याआधीच्या आठवड्याच्या रजिस्टरचे फोटो पाठवले होते. त्यात दुसरा ट्रक रोज सव्वातीनच्या आसपास बाहेर. माझ्या मॉडेलमध्ये साडेपाच होऊनही तो आतच. मी तडक काकाजींना फोन लावला.

“काकाजी, टाइम अंदाजानं लिहिता का तुम्ही?”

“काहून वो मॅडम?”

“तुमच्या रजिस्टरात ट्रक सव्वातीनला निघतो. माझ्या हिशोबानं निघूच शकत नाही.”

“मंग म्या गेट कोणासाठी उघडलं? हवेसाठी?” काकाजी भडकले. “बारा वर्सं झाले हे रजिस्टर लिवून राहिलो मी. तुमचं कॉम्प्युटर कवाचं हाय?”

कॉम्प्युटर दोन वर्षांचं होतं. मी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी पुन्हा वरूड. तिथे माझी मावशी राहते, तिची स्कूटी घेतली. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, जशा आपल्याकडच्या सगळ्या बाया गाडी चालवतात. शेडमध्ये शिरले तेव्हा स्कार्फ तसाच होता. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

आणि मी जागीच थांबले. हात काय चालले होते! डाग असलेलं फळ बाजूला, कागद, थर, पुन्हा कागद, वर हसणं-खिदळणं चालूच. ओढणीखाली मी फोनचं स्टॉपवॉच लावलं. कॅरेट तीन मिनिटांत झालं. पुढचं त्याहून जरा लवकर.

मी स्कार्फ सोडला.

“अवं, मॅडम आल्या वो!” खाला ओरडल्या. क्षणात खुर्ची आली, गोधडी आली, आणि चाळीसच्या चाळीस जणींचे हात एकदम संथ झाले. माझ्या डोळ्यांदेखत!

“खाला, हळू काहून केलं?”

“तूच पाह्य ना बेटा,” खाला समजुतीनं म्हणाल्या, “तू एवढ्या दुरून येते, एकटी बसून लिवते. आमी आमच्या चालीनं भरलं तं तुयं लिवणं मागं राह्यते. पह्यल्या दिवशी तुया पेन खाली पडला होता, मी पाह्यलं. मंग मीच सांगतलं साऱ्यायले, पोरीचं लिवून होऊ देत जा, मंगच दुसरं कॅरेट घ्या.”

पुण्यात कामगार मुद्दाम हळू करतात, साहेबासमोर मुद्दाम जोरातही करतात. त्याचे आडाखे आम्हाला शिकवलेले असतात. माझा हात दुखू नये म्हणून कुणी हळू केल्याचं कुठल्या पुस्तकात नाही. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी त्यांना सांगितलं की तीच चार मिनिटं कॉम्प्युटरमध्ये गेली आणि म्हणून ते नाही म्हणालं.

खालांनी कपाळावर हात मारला. “या अल्ला! म्हंजे आमीच आमचं काम घालवून राहिलो होतो?” मग पट्ट्याकडे वळून गरजल्या, “चला वो, आता दाखवा मॅडमले!”

दाखवलं. दोन मिनिटांत कॅरेट, चार संत्री जमिनीवर, एक टाकीत.

“खाला, हेही खोटंच आहे!” मी ओरडले.

शेवटी विनोदभाऊंनीच तोडगा काढला. पट्ट्यावर सीसीटीव्ही होता. मागे कधी चोरी झाली म्हणून लावलेला, आणि सगळे विसरूनही गेलेले. दिवसभर मी त्याचं जुनं रेकॉर्डिंग बघून वेळा घेतल्या. त्या भरल्यावर मॉडेलमधला दुसरा ट्रक तीन वाजून बारा मिनिटांनी बाहेर पडला. मी आधी काकाजींची माफी मागून आले.

पण तिसरा ट्रक पावणेसातला. म्हणजे अजूनही नाहीच.

रेकॉर्डिंग पुन्हा बघितलं. बाया दर थोड्या वेळानं उठून जात होत्या. रिकामी कॅरेटं शेडच्या पार मागे, तिथून आणायची. पट्ट्याला लागून सावलीत चांगली जागा होती, पण तिथे विनोदभाऊंची नवी गाडी उभी असायची. मॉडेलमध्ये मी गाडी काढली आणि कॅरेटं तिथे रचली. घड्याळ चार पन्नासवर थांबलं.

“माही गाडी?” विनोदभाऊ स्क्रीनकडे बघत राहिले. “उन्हात?”

“फेब्रुवारीतलं ऊन आहे, भाऊ.”

“अन् मार्चमधलं?”

खाला दारातच होत्या. त्या विनोदभाऊंकडे बघत होत्या. विनोदभाऊंनी खिशातून किल्ली काढली आणि गाडी हलवायला गेले. व्यापाऱ्याला होकार शनिवारी सकाळी गेला.

फेब्रुवारीत पहिल्याच आठवड्यात काकाजींचा फोन आला. “लिवून घ्या मॅडम. तिसरा ट्रक, चार वाजून बावन्न मिनटं. अंदाजानं नाही लिवलं.”

मार्चमध्ये मी सहज गेले. विनोदभाऊंची गाडी कडुनिंबाखाली पाखरांच्या कृपेनं पांढरी-हिरवी होऊन उभी होती. आता नव्या कुठल्याही जागी पहिले दोन दिवस मी वही काढत नाही. चहा पिते आणि गप्पा मारते. वरूडला मात्र सवयीनं खुर्ची आली, गोधडी आली. खालांच्या शेजारी सून उभी होती, कागदाचे थर लावत.

खालांनी माझ्या हाताकडे बघितलं. “लिवून नाही राहिली ना?”

“नाही, खाला.”

“मंग बस,” त्या म्हणाल्या. हात एकदाही थांबला नाही.