शीर चढली

मी मुळातच घाबरट. खो-खोच्या खांबावर सूर मारताना कधी भीती वाटली नाही, पण तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर उभं राहिलं की माझे हातपाय गार पडतात. खेळाची शिक्षिका व्हायला बी.पी.एड.ला आल्यावर कळलं, इथं नुसतं पळून भागत नाही. हाडं, स्नायू, रक्त कुठून निघतं नि कुठं जातं, सगळं पाठ करावं लागतं. त्यात या शिक्षणाची घरी आधीच शोभा झालेली. पहिल्या सत्रात असताना वडिलांच्या छातीत जळजळलं, आणि मी हार्ट ॲटॅक, हार्ट ॲटॅक म्हणून ओरडत सगळ्या घराला धाराशिवला पळवलं. निघालं काय, तर भज्यांचं पित्त! तेव्हापासून गावी बेंबळीत आमच्या गल्लीत मला डाक्टरीणबाई म्हणतात.

शरीररचनेच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी होस्टेलवरून आईला फोन केला. महिन्याभरापूर्वी ती गोठ्यात घसरली होती, घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. म्हणाली, “बरी हाय गं म्या. पोटरी तेवढी टम्म झालीया, ठणकतीया. शीर चढली असंल. दुपारी काकू येणार हाय चोळायला. तू नीट दे परीक्षा.”

मी बरं म्हणून फोन ठेवला. शीर चढली की काकूला बोलवायचं, यात विचार करण्यासारखं काय होतं? माझ्या या चुलतीच्या हाताला गुण आहे. शाळेत खेळून आले नि पोटरीत गोळे आले, की तिनंच करडीचं तेल कोमट करून ते उतरवलेत. अख्खी गल्ली तिच्याकडं जाते.

दुपारी माझा नंबर आला. कोपऱ्यात सापळा लटकत होता, टेबलामागं बाहेरून आलेले परीक्षक बसले होते. त्यांनी विचारलं, “पायातलं रक्त वर हृदयाकडं कसं जातं?”

“शिरेतून,” मी म्हणाले.

“कुठली शीर?” ते हसले. “आपल्याकडं पोटरीत गोळा आला तरी शीर, मान धरली तरी शीर, सुई टोचायची तरी शीर. नीट सांगा.”

“नीला, सर. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, नीला दाबली जाते नि रक्त वर ढकललं जातं.”

“शाबास. आणि पाय महिनाभर हललाच नाही तर?”

“रक्त साचतं. गाठ होते. पाय सुजतो, दुखतो.” हे मी पाठ केलेलं घडाघडा म्हणत होते.

“अशा पोटरीला मालिश केलं आणि गाठ सुटली तर?”

“वर जाते, सर. फुप्फुसात अडकते. माणूस...” आईचे सकाळचे शब्द कानात आले. टम्म झालीया, ठणकतीया. अगं बाई गं! मी खुर्ची सरकवून उठले. ते “बसा, झालं नाही अजून,” म्हणत होते, पण मी दाराबाहेर होते.

आईचा फोन नुसता वाजत राहिला. वडील ज्वारीच्या मळणीवर, त्या मशीनच्या घरघरीत त्यांना काय ऐकू येणार! काकूचा नंबर सापडता सापडेना. शेवटी तिनं उचलला.

“काकू, कुठं हाव?”

“तुज्या आईपशीच की, अंगणात. तिचा फोन आत ऱ्हायलाय. त्याल कोमट केलंय, आता बसतेच हाय.”

“चोळू नका! हात लावू नका पायाला. ती शीर न्हाय, आत रक्ताची गाठ हाय!”

“व्हय गं, गाठच लागतीया हाताला,” काकू म्हणाली. “तीच तर मोडायची हाय. दाबून दाबून मोडते बग.”

मला रडूच फुटलं. मी जितकं गाठ गाठ म्हणावं तितका तिला जोर चढत होता. नीला म्हणाले, फुप्फुस म्हणाले, सरांनी सांगितलं म्हणाले. “बास कर डाक्टरीणबाई,” ती हसून म्हणाली, “मागं भज्याला हार्ट ॲटॅक म्हनलीस.” फोनमधून वाटीचा आवाज आला. माझं सगळं शिक्षण संपलं, आणि तोंडातून आलं ते एवढंच: “काकू, तुम्हाला आई भवानीची आण हाय. पायाला हात लावला तर माझं मेलेलं तोंड बघाल.”

पलीकडं वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू बारीक आवाजात म्हणाली, “आण कशाला घातलीस गं? लई वाईट केलंस. खोटं निघालं तर नाक घासशील देवीच्या पायरीवर.”

“घासते. तिला निजवूनच गाडीत घालून इकडं धाराशिवच्या दवाखान्यात आणा.”

दवाखान्याच्या फाटकाशी मी उभी होते. मनात एकच चाललं होतं, खोटं निघू दे गं आई भवानी. पित्त निघू दे, भज्यांचंच काहीतरी निघू दे, जन्मभर हसू देत मला.

खोटं निघालं नाही. सोनोग्राफीत गाठ मांडीपर्यंत गेलेली दिसली. डॉक्टरांनी विचारलं, “चोळलं होतं का कुणी?” काकूनं दोन्ही हात पदराखाली घेतले. “न्हाई साहेब. हिनं आण घातली हुती.” डॉक्टर माझ्याकडं बघून म्हणाले, “वाचवलंत.” पण रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली तरी गाठ आतच होती. आई खोकली तरी मी ताडकन उठायचे. जोरात हसली तरी मला नको वाटायचं.

काकू रोज यायची, खाटेपासून लांब स्टुलावर बसायची. त्या हातांना काम नसलं की ते कसेतरीच दिसायचे. एका दुपारी आई कण्हली, तशी ती उठून माझ्याजवळ आली. डोळ्यांत पाणी होतं.

“चोळत न्हाय गं. नुसता हात ठिवते पावलावर. लई वाईट वाटतं तिला असं बगून. तेवढी आण मोड. सुटली म्हण.”

“म्हण की,” आई म्हणाली, “त्यात काय एवढं?”

मी तोंड उघडलं. परीक्षकांचा ‘गाठ सुटली तर?’ हा प्रश्न आठवला, तसं मिटलं.

“काकू,” मी म्हणाले, “ठिवा हात. पण तेवढा एक शब्द माझ्याकडून वदवून घिऊ नका.”