हवेनं तापलेलं लोखंड

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीला खेटून टॉवर उभा राहिला, तेव्हापासून माझं त्याच्याशी वाकडं आहे. तिथल्या लोकांना माझ्या आईच्या सोड्यांचा वास सहन होत नाही. आई मालवणकडची. कोलंबी सोलून, मीठ लावून ती मागच्या अंगणात वाळत घालते. टॉवरने आमचं ऊन आधीच गिळलंय. दुपारी एका फटीतून जे काय उतरतं, तेवढ्यासाठी ती काठी घेऊन कावळे हाकत बसायची.

गेल्या मे महिन्यात तिच्या उजव्या मनगटावर वरून लोखंडाचा तुकडा पडला. बोटाएवढा, आणि असा तापलेला की कातडी सोलून निघाली. वर बघितलं तर एका बाल्कनीत ग्रिलचं वेल्डिंग चाललेलं. वेल्डिंगच्या कांडीचं उरलेलं टोक होतं ते; आंधळ्यालाही कळलं असतं.

टॉवरच्या सेक्रेटरीला मात्र कळलं नाही, आणि हा माणूस इंजिनिअर! आमच्या चाळ कमिटीच्या खोलीत येऊन ऐटीत बसला आणि म्हणाला, "असं आहे, इतक्या उंचावरून काहीही पडलं ना, की हवेच्या घर्षणाने तापतंच. उल्का नाही का जळत? सिंपल सायन्स आहे. उद्या साधा खिळा पडला तरी भाजेल. त्यात आमच्या वेल्डरचा काय दोष? तुम्ही तिथे बसूच नका. तुमच्याच सेफ्टीसाठी सांगतोय."

आणि आमच्या कमिटीने माना डोलावल्या! उल्का हवेच्या घर्षणाने पेटतात, हे वाक्य सगळ्यांनी म्युनिसिपालिटीच्या शाळेत घोकलेलं. शाळेतलं काहीतरी अजून आठवतंय, याचाच त्यांना कोण आनंद. माझं डोकंच फिरलं. मी दादरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दुसऱ्या कुठल्या थापेवर कदाचित गप्प बसलो असतो.

"साहेब," मी म्हटलं, "उल्का सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येते. पुढच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि दाबली गेली की भयंकर तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो, तसं. तुमचा टॉवर काय अंतराळात आहे? तुमच्या गच्चीवरून लोखंड पडलं आणि पडण्याची सगळी ऊर्जा त्याच्यातच जिरली असं धरलं, तरी ते दोन-तीन अंशांनी तापेल. गरम तुकडा असेल तर हवा त्याला उलट थंडच करते. खाली पोचूनही त्याने आईला भाजलं, म्हणजे वर तो लालबुंद होता."

सेक्रेटरी मोबाइल बघत राहिला.

"सर, आपण वर्गात नाही बसलोय," शेवटी तो म्हणाला. 'आमचं चुकलं' एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. त्या क्षणी मला त्याचा जो तिरस्कार वाटला, तो आजही तसूभर कमी झालेला नाही.

आई हाताला फडकं गुंडाळून दारात उभी होती. ती म्हणाली, "माका दुसरा काय नको. वरच्यांका सांगा, खाली माणसां असतत."

"मावशी, त्यापेक्षा बेस्ट सोल्युशन देतो. तुमच्या अंगणावर आमच्या खर्चाने पत्रा टाकून देतो. विषय कट!"

फुकटचा पत्रा म्हटल्यावर कमिटी विरघळली. मी ओरडलो, पत्रा टाकलात तर आई सोडे कुठे सुकवणार? कमिटीवरचे काका माझा दंड धरून म्हणाले, "अरे, बोलण्यात तू जिंकलास ना? मग आता कशाला ताणतोस?"

आठवड्याच्या आत पत्रा बसला. तरी सवयीने आईने त्याखाली सोडे पसरले, काठी घेऊन बसली. कावळे आले नाहीत, पण सोडेही सुकले नाहीत. त्यांना घाण सुटली. तिने ते डाव्या हाताने टोपलीत भरले आणि कचऱ्याच्या डब्यात ओतले. मी पुढे झालो तर मला हात लावू दिला नाही.

"वरसून आता काय पडना नाय रे," ती म्हणाली. "ऊन पण नाय."