फौजदारणीचा हाकब्राटन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हाकब्राटन. खिमा मळायचा, त्याला पावासारखा लांबट आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. नातीला आवडतो म्हणून बायको जर्मनीत, एर्लांगेनला मुलाकडं राहायला आल्यावर शिकली. त्या शनिवारी मला ओट्यापाशी बोलावून म्हणाली, "अहो, हात धुवा. आज तुम्ही मळायचं." उभ्या जन्मात या बाईनं मला पातेल्याला हात लावू दिला नव्हता. मला तिथंच संशय आला.

खरं तर संशय हा तिचा प्रांत. घरात आम्ही तिला फौजदारीणच म्हणायचो. दुकानातल्या तयार खिम्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, त्यात काय काय मिसळतात देव जाणे. तुर्की खाटकाकडं जायची, मेंढीच्या मांडीकडं बोट करायची आणि चक्क मराठीत विचारायची, "आधी मशीन उघड. कुणाचं मांस काढलंस यात?" तो बिचारा मशीन उघडून, धुऊन दाखवायचा. मागची गिऱ्हाइकं तोंडं वाकडी करायची. हिचं आपलं वाकून बघणं चालूच.

सुनेवरही पाळत. "आई, पाव दुधात भिजवलाय," असं ती म्हणाली तरी ही बोट बुडवून चाखणार. "तुझ्यावर विश्वास आहे गं. इथल्या दुधावर नाही." सून हसायची. मी हसत नसे. माझ्या खिशातली बडीशेपसुद्धा तिनं हुंगून बघितलेली आहे.

तर त्या दिवशी मी मळत होतो आणि ती शेजारी स्टुलावर बसून हुकूम सोडत होती. "पाव घट्ट पिळा. कांदा बारीक हवा, नाहीतर कापताना फुटतो. वरून तेलाचा हात फिरवा."

"हे मला कशाला सांगतेस? तू कुठं चाललीस?"

"कुठं जाते? पोरं ऑफिसात जातात. तुम्ही उपाशी बसाल."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ती ओव्हनकडं बघत राहिली. डॉक्टरकडं तिला मुलगाच न्यायचा, जर्मन त्यालाच कळतं. आल्यावर तो म्हणायचा, "अशक्तपणा आहे, बाबा." तीही म्हणायची, "अशक्तपणा आहे." दोघांचं इतकं जुळतंय, म्हणजे पढवलेलं आहे, हे काय मला कळत नव्हतं?

संध्याकाळी पानं घ्यायच्या आधी, खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली.

सकाळी मी मुलाला समोर बसवलं. "डॉक्टर काय म्हणाला होता? खरं सांग."

तो खाली बघत म्हणाला, "हृदय थकलंय, फार दिवस नाहीत म्हणाला होता. आईनं शपथ घातली होती, बाबा. म्हणाली, त्यांना कळलं तर ते माझ्याआधी जेवण सोडतील."

तेवढ्यात सुनेनं ओव्हनमधला कालच्या हाकब्राटनचा ट्रे बाहेर काढला. "बाबा, सुतकात हे घरात नको. टाकून देते."

मी ट्रे तिच्या हातातून घेतला. सुरीनं जाड तुकडा कापला आणि सगळ्यांदेखत उभ्या उभ्या खाल्ला. सून रडायला लागली. मी दुसरा कापला.