पिन खिशात नव्हती

आमच्या घरात, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या मोहल्ल्यात, बी.एस्सी. झालेला मी पहिला. हे मी अजूनही कोणी न विचारता सांगतो. बा तलावात जाळं टाकायचा, माय मासोळ्यांची टोपली घेऊन नागभीडच्या बाजारात बसायची, आणि मी विमानाजवळ नोकरीला. विमान म्हणजे लहानसं, दोन माणसांचं, पाठीमागे पंखा असलेलं. जंगलातल्या तलावांचे वरून फोटो काढायचं काम कुण्या सर्वेक्षणवाल्यांना मिळालं होतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर त्यांनी धावपट्टी आखली आणि इंग्रजी वाचणारा माणूस म्हणून मला ठेवून घेतलं.

त्या विमानाला छत्री होती. माणसाला नव्हे, अख्ख्या विमानाला. सीटमागच्या नळकांड्यात घडी करून ठेवलेली. वर काही बिघडलं तर दोन सीटांमधला लाल दांडा ओढायचा. नळकांड्यातून बाण सुटावा तशी छत्री बाहेर पडते आणि विमान माणसांसकट तिला लोंबकळत खाली येतं. जमिनीवर कुणाचा हात लागून ती सुटू नये म्हणून दांड्यात एक पिन असायची, पिनेला लाल फीत. उडायच्या आधी पिन काढायची, विमान चालवणाऱ्या साहेबांना दाखवायची, शर्टाच्या खिशात टाकायची, कागदावर सही करायची. उतरल्यावर पुन्हा लावायची. हे काम माझं. साहेब हवाई दलातून निवृत्त झालेले. म्हणायचे, "पिन आत राहिली तर छत्री असून नसल्यासारखी. पडताना माणसाला एकच काम सुचतं, दोन नाही सुचत."

मी सही इंग्रजीत करायचो. मोठी.

बाला त्या विमानाचा पहिल्यापासून संशय.

"पडलं तं?"

"छत्री हाये ना, बा."

"अन् छत्रीच नाई उघडली तं? ते पाहाचं काम कोनाचं?"

"माहं."

"मंग झालं," बा म्हणाला.

हे त्याच्या तोंडून येणं साधं नव्हतं. डोंगा म्हणजे दोन पोकळ ओंडके दोरीने बांधून केलेली होडी, आणि हा माणूस दुसऱ्याच्या गाठीवर डोंगा पाण्यात घालत नसे. सख्ख्या भावाने दोरी बांधली तरी सोडून पुन्हा स्वतः बांधायचा.

दसऱ्याच्या दिवशी साहेबांनी बाला तलावावरून एक चक्कर मारून आणायचं कबूल केलं. मी पिन काढली, दाखवली, खिशात टाकली, सही केली. तेवढ्यात मोहल्ल्यातल्या बाया पूजेचं ताट घेऊन आल्या. जाळं पुजतो, नांगर पुजतो, मग विमान काऊन नाई? हळद, कुंकू, झेंडूचा हार. जो तो हात लावू लागला. शेजारच्या मावशीने तर सरळ लाल दांड्यालाच कुंकू लावलं. मी घाईने पिन दांड्यात परत घातली. ते बरोबरच केलं, आजही म्हणतो. मावशीने त्यावरून पूजेचा लाल नाडा गुंडाळला, त्यात पिनेची लाल फीतही गुंडाळली गेली. डोळ्यांत भरावी म्हणून जी लाल केलेली, ती लालातच दडली.

साहेब कागद ठेवून परत आले. "फुलं पंख्यात जातील," म्हणत हार त्यांनी स्वतः काढला. नाड्याकडे बघून हसले, "एवढं राहू दे." मग मला विचारलं, "सगळं झालं ना?"

मी तेव्हा जमलेल्या लोकांना दोन्ही हात पसरून छत्री कशी उघडते ते सांगत होतो. मान न वळवता म्हणालो, "झालं, साहेब."

बा खिशात आपट्याची पानं घेऊन बसला. मावशी ओरडली, "भाऊ, वरून थुकू नोका बाप्पा!" सगळे हसले. विमान उठलं.

ते तलावाकडे वळलं तेव्हा सवयीने माझा हात खिशावर गेला. खिसा रिकामा होता.

माझ्या हातात वायरलेस होता. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण बाकी सगळं विसरभोळेपणात खपून गेलं असतं. बटण दाबून 'पिन आत आहे' एवढं म्हणायचं होतं. साहेबांनी नाडा सोडला असता, पिन उपसली असती, संपलं. मी बटण दाबलं. पलीकडून साहेबांचा आवाज आला, "तुझे वडील बोट दाखवून आपला तलाव ओळखतायत. बोल, काय?"

माझ्याभोवती अख्खा मोहल्ला कान देऊन उभा होता. आताच त्यांना मी छत्री शिकवली होती.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. "सगळं ठीक."

मग मी बघत राहिलो. पंख्याचा आवाज जरा बदलला की हात पुन्हा खिशावर जायचा. मावशी विचारत होती, "घाम काऊन येऊन राह्यला गा तुले?" ऊन आहे म्हणालो.

विमान नीट उतरलं. साहेबांनी इंजिन बंद केलं आणि नेहमीसारखं विचारलं, "पिन?" मी पुढे वाकलो, रिकामी मूठ दांड्याजवळ नेली, लावल्यासारखं केलं. "लागली, साहेब."

बा उतरला. सोनं आधी लहानाने मोठ्याला द्यायचं असतं. बाने खिशातली चुरगळलेली पानं आधी माझ्याच हातात ठेवली आणि लोकांकडे वळून म्हणाला, "भेव नाई वाटला. पोराची छत्री होती ना." मी त्याच्या पाया पडलो. किती वेळ वाकून होतो कोण जाणे, कारण तो म्हणाला, "उठ ना गा आता."

साहेबांना मी सांगितलं नाही. पाऊस लागायच्या आधी काम संपलं, ते विमान घेऊन निघून गेले. बालाही सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा तो कुणाला तरी तीच गोष्ट सांगत होता.

पुढच्या हंगामात त्याने नवा डोंगा घेतला. मी दोरी बांधली, तो सरळ चढायला निघाला.

"बा, गाठ पाहून घे."

"तूनंच बांधली ना? मंग काय पाहाचं?"

"पाह्य ना गा एकदा," मी म्हणालो. आवाज चढला होता. तो हसला, डोंगा पाण्यात लोटून निघूनही गेला. तेव्हापासून तो जायच्या आधी मीच तलावावर जात असे. आदल्या दिवशी बांधलेली माझीच गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची. लोक म्हणायचे, पोरगा बापावर गेला.