आईच्या नावावरचा नकार

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याचा, रिपोर्ट आला त्या दिवशी दादाने आईला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आम्ही दोघं भावंडं आत गेलो.

"पेशंट कुठे आहेत?" डॉक्टरीणबाईंनी पहिलं हेच विचारलं.

"आम्हाला सांगा ना," दादा म्हणाला.

कॅन्सर. मॅस्टेक्टॉमी करायची, म्हणजे तो स्तन पूर्ण काढायचा, तोही लगेच. गिरणीच्या संपानंतरचं वर्ष होतं. बाबा गावी जाऊन राहिलेले, घाटकोपरच्या खोलीत आम्ही तिघंच. घरचा कर्ता दादा. आमच्यात असलं दुखणं ज्याचं त्याला सांगत नाहीत, माणूस हाय खातं म्हणे. आईला सांगितलं, साधी गाठ आहे.

ॲडमिट केलं, रक्त झालं, एक्स-रे झाला. ऑपरेशनचं नाव काढताच आई हसली. "साधी गाठ मां? मगे कापूक कित्याक व्हयी? चवथ झाली की बघूया."

आता घ्या! आमचंच खोटं आमच्या गळ्यात. डॉक्टरीणबाई दादावर भडकल्या. "नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण कशाला नाही म्हणतायत ते कळू तर दे! उद्या सकाळी मी स्वतः सांगणार."

त्याच संध्याकाळी आम्ही डामा घेतला, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला झुगारून डिस्चार्ज. चार दिवसांत समजूत काढून परत आणू, असं आमचं शहाणपण. इंग्रजी फॉर्मवर लिहिलं होतं, 'धोके समजले, तरी उपचार नको.' सही कुठे करायची ते बोट ठेवून मी आईला दाखवलं. लाज वाटते सांगायला. आई खुशीत होती, चवथीला, गणपतीला गावी जायला मिळणार म्हणून.

चार दिवस म्हणता म्हणता दिवाळी उजाडली. गावाहून आली ती पाठ धरूनच. कॅन्सर हाडांत गेला होता. या वेळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर काढलं आणि तिला सगळं सांगितलं.

मी आत गेले. ती रडत नव्हती. "तुका म्हायत होता?"

"हो गं."

"मी गाठीक नको म्हटलंय. कॅन्सराचा माका कोणी इचारल्यान?"

ती पुढे पाच महिने जगली, बरेचसे हॉस्पिटलातच. दिवसकार्याला आलेले नातेवाईक दादाची पाठ थोपटत होते, आईला काही कळू दिलं नाहीत हो! मी त्यांची पानं वाढत राहिले.

तुमच्या घरी असं दुखणं आलं तर माणसाला सांगा. रडेल, शिव्या देईल, नको म्हणेल. म्हणू दे, ते त्याचं असेल. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही. आईशी खरं बोलल्या त्या एकट्याच. आई आमच्यावर कधी ओरडली नाही. पण माझ्या हातची गोळी ती शेवटपर्यंत नर्सला दाखवल्याशिवाय घेत नसे.