वेलबर्नची मागची सीट

आखातात राहिलेल्या माणसाकडे दोन गोष्टी न सांगता साठतात, एक वाळू आणि दुसरे किस्से. खिडक्या कितीही घट्ट लावा, शुक्रवारी झाडून काढलेली वाळू शनिवारी पुन्हा कपाटाखाली असतेच. आता पुण्यात आम्ही जुने दुबई-शारजावाले जमलो की बाकीचे बॉस आणि बोनसवर बोलतात. मला म्हणतात, "प्रमोद, तुझ्या त्या गॅरेजचं सांग." मग मी सांगतो. पण क्रमाने सांगतो, मधूनच उचलून सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं.

नव्वदच्या दशकात मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात इंटरव्ह्यूला गेलो. जुन्या गाड्या दुरुस्त करायचं खासगी वर्कशॉप होतं. मालकाला सगळे अरबाब म्हणायचे. तिकडे मालकाला तसंच म्हणतात. अरबाब म्हातारे, अंगात पांढरा स्वच्छ कंदुरा, तो अरबांचा पायघोळ झगा, आणि हिंदी फर्स्ट क्लास, कारण त्यांचे वडील मुंबईला मोत्यांच्या व्यापारासाठी जायचे. माझी सर्टिफिकेटं त्यांनी बाजूला सारली आणि एकच प्रश्न विचारला.

"गाड़ी में पीछे बैठ के नींद आता है?"

मी खरं ते सांगितलं, "हो, लगेच येते."

अरबाबचा चेहरा पडला. म्हणाले, "ठीक है. तो तुम दफ्तर में बैठो."

अशा रीतीने मी परदेशातून पार्ट मागवणारा परचेस ऑफिसर झालो. मागच्या सीटवर जागा राहू शकणाऱ्या माणसाला काय पोस्ट मिळणार होती, ते मला पुढे कळलं.

*

वर्कशॉपमध्ये एकाच कंपनीच्या गाड्या होत्या. वेलबर्न नावाची जुनी अमेरिकन कंपनी, केव्हाच बुडालेली. अरबाबना तिचं वेड होतं. दुपारच्या सुलेमानी चहाला ते तिच्या गोष्टी अशा सांगायचे, जणू तो म्हातारा वेलबर्न त्यांचा सख्खा मामा.

वेलबर्न आधी घोडागाड्या बनवायचा. मग मोटारी बनवायला लागला आणि बघता बघता मोठा झाला. बँकवाले, गिरणीवाले त्याच्या गाडीसाठी महिनोन्महिने थांबायचे. कारण त्याचा एक नियम होता. तयार झालेली प्रत्येक गाडी ड्रायव्हर फिरवून आणायचा आणि मागच्या सीटवर, उजवीकडे, वेलबर्न स्वतः बसायचा. डोळे मिटून. बघणाऱ्याला वाटायचं म्हातारा झोपलाय, पण तो गाडी ऐकत असायचा. गाडी पसंत पडली की ड्रायव्हर आणि मागची सीट यांच्यामधल्या काचेवर दोनदा ठोकायचा. नाही ठोकलं तर गाडी परत कारखान्यात, मग बाहेर कोणी का थांबलेला असेना.

आमच्याकडेही तोच नियम. गाडी दुरुस्त झाली की अरबाब मागे उजवीकडे बसायचे, डोळे मिटायचे, आणि धैदच्या रस्त्याला एक चक्कर मारून आलं की अंगठीने काचेवर टक टक. की झाली पास. आपल्यानंतर त्या सीटवर बसेल असा जागा माणूस ते इंटरव्ह्यूत शोधत होते.

गाडी चालवायला असायचे डॉमनिक अंकल.

*

डॉमनिक अंकल वसईचे. आमचे हेड मेकॅनिक, दर रविवारी संध्याकाळी चर्चला जाणारे, आणि खोटं न बोलणारे. तुम्ही म्हणाल यात काय विशेष? जरा गॅरेजमध्ये नोकरी करून बघा.

त्यांचं सगळं लक्ष घराकडे. फिलोमिना आंटी वसईला एकट्या, आणि डायबेटिसने त्यांची नजर अधू होत चाललेली. अंकलनी अरबाबना शब्द दिला होता की शेवटची वेलबर्न पास झाली की व्हिसा कॅन्सल करून घरी जाणार. अरबाबनी त्यांना कधीच अडवलं नाही. उलट म्हणायचे, "डॉमनिक, तुम जाओ, मैं दूसरा आदमी लाएगा." पण अंकल ऐकायचे नाहीत.

"अर्धवट काम टाकून गेलो तर तिथे झोप लागणार नाही, बाबा," ते मला म्हणायचे. "पण तिला दिसतंय तोवर पोचायचंय मला. माझं तोंड बघू दे तिला एकदा नीट."

एवढं साधेपणाने बोलून ते पुन्हा गाडीखाली सरकायचे.

*

आता कंपनी बुडाली कशी, तेही ऐका.

बाजारात स्वस्त गाड्यांचा पूर आला. वेलबर्नची मुलं म्हणाली, बाबा, एकेका गाडीत बसून धंदा होत नाही. म्हातारा हटला नाही. शेवटी मुलांनी त्याच्या पाठीमागे एक स्वस्त मॉडेल काढलं. त्यात कोणी बसलं नाही. कोणी ठोकणारच नाही म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या मागची काचसुद्धा काढून टाकली. त्या गाड्यांनी कंपनीचं नाव घालवलं. त्यानंतर कंपनी घसरली ती घसरतच गेली.

त्या पोरांच्या मॉडेलची एक गाडी अरबाबनी मागवली. बंदरातून ती आणली आमच्या गुल खानने, त्याच्या रिकव्हरीच्या ट्रकवर बांधून. गुल खान पेशावरचा, सहा फूट उंच, उन्हाला आणि पोलिसांना न घाबरणारा. भर दुपारी वर्कशॉपमध्ये उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

रस्त्यात त्याने ट्रक पुन्हा पुन्हा थांबवला होता. कारण पाठीमागून त्याच्या केबिनच्या काचेवर कोणीतरी ठोकत होतं. दोनदा नाही, एकसारखं. रागावलेला माणूस दार बडवतो तसं. उतरून बघावं तर ट्रकवर ती गाडी, आणि गाडीत कोणी नाही.

गुल खान पाणी प्यायला, त्याने अरबाबकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "अरबाब, अगली बार बुड्ढे को बोलो, मेरे साथ आगे बैठे. पीछे धूप बहुत है."

*

मग शेवटची वेलबर्न आली.

ही गाडी कारखान्यात पूर्ण होत आली आणि म्हातारा अंथरुणाला खिळला. तो गेला, त्याच आठवड्यात बँकेने कारखान्याला कुलूप लावलं. गाडी तशीच उभी राहिली. नंतर कोणाकोणाच्या शेडमध्ये फिरली, पण तिची टेस्ट कधी झालीच नाही. काच असूनही जिच्यात वेलबर्न कधी बसला नाही आणि जिच्या काचेवर त्याने ठोकलं नाही, अशी ही एकच गाडी.

शेडच्या कोपऱ्यात ती उभी केली. शारजात उभ्या गाडीवर दोन दिवसांत धुळीचा थर येतो. तिच्यावरही आला, छतावर, बॉनेटवर, आतल्या चामड्याच्या सीटवर. फक्त मागची उजवी बाजू स्वच्छ. मला वाटलं सफाईवाला अर्धंच काम करतो. मी त्याला झापलं. तो बिचारा शपथ घेऊन सांगू लागला की त्या गाडीला त्याने हातच लावलेला नाही.

मी अंकलना बोलावून सीट दाखवली. त्यांनी आत वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"धूळ बसायला जागा मोकळी लागते, बाबा," म्हणाले, आणि पाना घ्यायला गेले.

*

एक वर्ष अंकल त्या गाडीत गुंतले. मग टेस्टचा दिवस आला. अरबाब सवयीने मागच्या दारापाशी गेले, दार उघडलं आणि तिथेच थांबले. मग दार हळूच लावून बाजूला झाले.

"ये सीट मेरा नहीं है," म्हणाले. "डॉमनिक, तुम चलाओ. आवाज़ आया तो आ के बताओ."

आवाज कसा येणार, मागे कोणी नसताना? पण विचारायची कोणाची हिंमत? अंकल रिकामी गाडी घेऊन गेले आणि तोंड पाडून परत आले. आवाज आला नव्हता. वैतागून त्यांनी गाडी उघडली, तर मागच्या चाकाचं बेअरिंग जाऊ लागलेलं. ते बदललं. पुन्हा गेले. आवाज नाही. पुन्हा उघडली, तर पेट्रोलच्या नळीला केसाएवढी चीर.

असं दीड वर्ष चाललं. दर वेळी काहीतरी निघायचंच, आणि निघायचं ते खरं असायचं. इकडे वसईहून फोन यायचा की आंटींना आता टीव्ही दिसत नाही, आता घड्याळ दिसत नाही. अंकल फोन ठेवून गाडीकडे जायचे आणि काचेला नाक लावून मागच्या सीटशी बोलायचे, "और क्या चाहिए तेरे को?"

त्यावर कोणी हसायचं नाही.

*

एका शुक्रवारी मी बायकोला आणि मुलीला, केतकीला, वर्कशॉप दाखवायला नेलं. केतकी तेव्हा दुसरीत. तिला ना कंपनीचं काही माहीत, ना टेस्टचं. आम्ही घरी या गोष्टी मुद्दाम बोलत नसू, कारण अल नहदाच्या नवीन फ्लॅटमध्ये ती आधीच रात्री दिवा लावून झोपायची.

बायको अरबाबनी दिलेले खजूर पिशवीत भरत होती. केतकी दिसेना. शोधलं तर शेवटच्या वेलबर्नमध्ये मागच्या सीटवर, डावीकडे अंग चोरून बसलेली. मी म्हटलं, "केतू, बाहेर ये. काय करतेस आत?"

तिने तोंडावर बोट ठेवलं.

"कोणी झोपलंय का आत?" मी आपला थट्टेने विचारलं.

"No, Baba," ती कुजबुजली. "He's not sleeping. He's listening."

बायकोने खजूर तिथेच ठेवले. त्यानंतर ती वर्कशॉपला कधीच आली नाही.

*

आता शेवटचं.

जानेवारी होता. वसईहून फोन आला की आंटींच्या दुसऱ्या डोळ्यातही रक्त उतरलंय, डॉक्टर काही आशा देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्ट होती. गाडीत आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, निदान अंकलना तसं वाटत होतं. निघायच्या आधी ते मला बाजूला घेऊन गेले.

"प्रमोद, आज तू मागे बस. डावीकडे. आणि परत येताना काचेवर दोनदा ठोक."

हा माणूस असं सांगेल?

"अंकल, मग सरळ सांगा ना अरबाबना की आवाज आला."

"मी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तू ठोकलंस तर मला आवाज खरंच येईल. मग मी आला म्हणून सांगेन. घरी जाऊ दे मला, बाबा."

मी मागे बसलो. धैदच्या रस्त्यावर दाट धुकं होतं. खिडकीबाहेर नुसता पांढरा पडदा, मधूनच एखादं घाफचं झाड आणि एखादा उभा उंट. नोकरीतली माझी पहिलीच मागची सीट, पण झोपेचं नाव नाही. उजवीकडे मी बघतच नव्हतो.

गाडी वळवून आम्ही परतीला लागलो. मी काचेवर ठोकायला हात उचलला, आणि माझं मनगट कोणीतरी धरलं.

जोरात नाही. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा कोरडा, हलका हात. शेजारी बघितलं तर चामड्याची रिकामी सीट. त्या हाताने माझा हात खाली आणला आणि मांडीवर दाबून ठेवला, गप्प बस म्हणून लहान मुलाचा ठेवतात तसा. मला ओरडायचंही सुचेना. आणि मी गप्प बसलो म्हणूनच मला ते ऐकू आलं. खालून, अगदी बारीक, टिक... टिक... टिक.

मनगट मोकळं झालं. मी काचेतली छोटी खिडकी सरकवली आणि म्हटलं, "अंकल, गाडी थांबवा. आत्ता."

अंकल हळूहळू बाजूला थांबले, गाडीखाली सरकले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग त्यांनी मलाही खाली वाकून बघायला लावलं. ब्रेकच्या सळीची पिन निसटून टोकावर लोंबत होती. धुक्यात थोडं पुढे राउंडअबाउट होता, आणि खडीचे ट्रक तिथूनच वळायचे. अंकलनी डब्यातून नवीन पिन काढून बसवली, दोनदा ओढून बघितली आणि स्टिअरिंगवर बसले. मीही मागे जाऊन बसलो.

वर्कशॉपचं गेट दिसलं, आणि काचेवर आवाज झाला. टक. टक.

अंकलनी गाडी तिथेच थांबवली, क्रुसाची खूण केली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. अरबाब गेटात उभेच होते.

"आवाज़ आया?"

"आया, अरबाब."

"खलास," अरबाब म्हणाले. मग ते गाडीच्या उजव्या बाजूला आले, मागचं दार उघडलं आणि दार धरून, मान थोडी झुकवून उभे राहिले, पाहुणा उतरेपर्यंत उभं राहावं तसे. मी डावीकडून उतरलो.

त्याच आठवड्यात अंकल वसईला गेले. आंटींनी त्यांना पाहिलं, अंधुक का होईना, पण पाहिलं. म्हणाल्या, "किती म्हातारे झालात हो." अंकल अजून हे सांगताना हसतात आणि रडतात. दर नाताळला मला फोन करतात आणि दर वेळी तेच म्हणतात, "त्या दिवशी तू ठोकलंस म्हणून मी पोचलो, बाबा. देव तुझ्या हातांना यश देवो."

मी नुसतं 'हं' म्हणतो. पिन बसवून परत येताना, पुन्हा कोणी मनगट धरेल या भीतीने, मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.